बीट, चार्ड, पालक आणि भूमिगत विभाग

माणसाने आयुष्यात एकदा तरी घरच्या बागेतला पालक खावा, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर त्याला आधी विचारा, अर्ज कुणाकडे करायचा.

मी एका दैनिकात नोकरी करतो. बातम्या मी लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्यांत जे चुकलं असेल, ते दुसऱ्या दिवशी आतल्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात दुरुस्त करतो. "कालच्या अंकात ज्यांचं निधन झाल्याचं प्रसिद्ध झालं होतं ते गृहस्थ सुखरूप असून त्यांनी स्वतः फोन करून तसं कळवलं आहे", अशा धर्तीचा मजकूर. वर्तमानपत्रातला हा एकच कोपरा असा, की जिथलं सगळं खरं असतं; आणि तो कुणी वाचत नाही. या कामाने मला एक खोड लागली आहे. चुकीचं विधान समोरून जाताना दिसलं की हात आडवा घातल्याशिवाय राहवत नाही. पुढे जे झालं त्याच्या मुळाशी ही खोड आहे. बीट नंतर आलं.

आमचं घर तळमजल्यावर. मागच्या दाराबाहेर, इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये मातीची एक पट्टी आहे. लांबीला दोन खाटा मावतील, तिसरी उभी करून ठेवावी लागेल, एवढीच. या पट्टीवर आईची खुर्ची असते. आईच्या गुडघ्यांनी तिला रस्ता, जिना आणि गच्ची या तिन्ही ठिकाणी जायला मनाई केली आहे. मागच्या दाराला मात्र एकच पायरी आहे आणि तेवढी एक पायरी गुडघे मंजूर करतात. तेव्हा डोक्यावर आभाळ असलेली तिच्या वाट्याची जागा या जगात ती एवढीच. सकाळची कामं उरकली की ती तिथे जाऊन बसते. इमारतीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्याच बाजूला उघडतात. तिथे बसल्या बसल्या ती जेवढ्या बातम्या गोळा करते तेवढ्या आमच्या वार्ताहरांनी केल्या असत्या, तर माझं काम दुप्पट झालं असतं.

एका रविवारी आमच्या इमारतीचे अध्यक्ष आले. ते आमच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहतात. नियमावलीची प्रत बगलेत असल्याशिवाय ते जिना उतरत नाहीत.

"मागच्या जागेवर काँक्रीट टाकतोय," ते म्हणाले. "स्कूटर लावायला. नियम अकरा. वापरात नसलेली मोकळी जागा समितीला ताब्यात घेता येते."

"पण वापरात आहे की. आई रोज बसते तिथे."

"बसणं हा वापर नाही. वापर म्हणजे वाहनतळ, पाण्याची टाकी, बाग वगैरे. नुसती खुर्ची अडवून बसायचं, याला वापर म्हणत नाहीत."

"अध्यक्षांनी तरी असं बोलू नये," आतून आई म्हणाली.

अध्यक्षांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि जाता जाता मला मुदत दिली. येत्या सर्वसाधारण सभेपर्यंत तिथे बाग दिसली तर ठीक, नाहीतर त्याच सभेत ठराव आणि दुसऱ्या दिवशी खडी.

"टाकू दे काँक्रीट," आई संध्याकाळी म्हणाली. "मलाही त्यातच घाला म्हणावं. एका गाडीत दोन कामं होतील."

हे ती हसत म्हणाली, पण त्या रात्री जेवताना तिने बायकोच्या आमटीला नावं ठेवली नाहीत. घरात सगळ्यांनाच परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

बियाणांच्या दुकानात मी सरळ मुद्द्यावर आलो. "सभेच्या आत दिसायला लागेल असं काय आहे?"

"पालक," दुकानदार म्हणाला. "पेरला की मागे वळून बघेपर्यंत वर येतो."

"आणि भरगच्च दिसेल असं?"

"चार्ड घ्या."

"चार्ड म्हणजे?"

"पालकाचा शिकून मोठा झालेला मावसभाऊ समजा. पान ताटाएवढं, देठ लाल, पिवळे, गुलाबी. भाजी पालकासारखीच, पण लोक विचारतात, हे काय हो? तिसरं बीट घेऊन टाका. तिघंही एकाच कुळातले आहेत, एकमेकांशी पटतं त्यांचं."

एका कुळातल्यांचं एकमेकांशी पटतं, हे विधान माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी हात आडवा घालणार होतो, पण दुकानात गर्दी होती.

बायको शाळेत गणित शिकवते. तिने जमिनीचं माप घेतलं, कागदावर वाफे आखले आणि एक इंचही वाया जाणार नाही अशी मांडणी केली. कुंपणाकडे पालक, मध्ये चार्ड, दाराशी बीट. आईची खुर्ची तेवढ्या दिवसांपुरती मागच्या दारात, आतल्या बाजूला घेतली.

मी पेरणी केली. बीटाचं बी म्हणजे एकच बी नसतं, ती चार-पाच बियांची गाठ असते आणि एका गाठीतून चार-पाच रोपं उगवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चार्डचंही तेच. त्यामुळे आठवड्याभराने सभा सुरू होण्याआधी दारात होते तशी चेंगराचेंगरी माझ्या बागेत झाली. प्रत्येक वाफ्याला ओळखपट्टी म्हणून मी आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून त्या खोचल्या होत्या. एके दिवशी काड्या दिसेनात.

"आई, बागेतल्या काड्या कुठे गेल्या?"

"खिडकी वाऱ्याने खडखडत होती. फटीत घातल्या. छान बसल्या."

"अगं, त्यावर नावं होती!"

"खिडकीला काय वाचता येतंय?"

काड्या गेल्या तरी वाफे जागच्या जागी होते, असं तुम्ही म्हणाल. बायकोही तेच म्हणाली. पण मधल्या काळात मला रोपांची गर्दी बघवली नव्हती. जिथे फार दाटी तिथली रोपं उपटून मी जिथे जागा दिसली तिथे लावली होती. मी स्वतः लावली होती, त्यामुळे कुठलं कुठे गेलं ते लक्षात राहील अशी माझी खात्री होती. बीट आणि चार्ड ही लहानपणी इतकी सारखी दिसतात की त्यांच्या आईलाही ओळखू येऊ नयेत. दोघांचेही देठ लाल, दोघांचीही पानं चकचकीत. खाली गड्डा धरला तर बीट, नाही धरला तर चार्ड. म्हणजे कोण कोण आहे हे फक्त काळच ठरवणार होता, आणि काळाला मुदत आमच्या इमारतीच्या सभेपर्यंतचीच होती.

आता सल्ल्यांविषयी थोडं. सल्ला हा नेहमी वरून खाली येतो. तळमजल्यावर बाग केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. दुसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे बँकवालेच म्हणतात. ते खिडकीतून ओरडायचे, "राख टाका, राख!" आणि मी वर बघायच्या आत सिगारेट झटकून नमुना पाठवायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या केमिस्ट्रीच्या बाई म्हणायच्या, "राख अजिबात नको. नायट्रोजन वाढवा." मग दोघांचा वाद व्हायचा आणि तो माझ्या डोक्यावरून, अक्षरशः माझ्या डोक्यावरून, जायचा. मध्येच अध्यक्ष खिडकीत येऊन म्हणायचे, "वाफे कुंपणापासून एक फूट लांब हवेत. नियम चौदा."

एवढ्या सल्ल्यांतूनही बाग आली. नुसती आली नाही, माजली. मी पाणी घालायला विसरलो तरी माती ओली. चार दिवस बाहेरगावी जाऊन आलो तरी माती ओली. पालकाची पानं वहाणेएवढी झाली, चार्ड कमरेला लागला. "हात असतो एकेकाचा," मी कार्यालयात सहज म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.

जास्तीचा पालक मी इमारतीत वाटला. अध्यक्षांकडे सर्वांत मोठी जुडी पाठवली. सभा जवळ येत होती, आणि मी सत्यवादी असलो तरी मूर्ख नाही.

"चव वेगळीच आहे हो," अध्यक्ष जिन्यात म्हणाले. "काहीतरी ओळखीची वाटते. पण नेमकं आठवत नाही."

बायकोची तक्रार मात्र वेगळी होती. "अहो, तुमचा पालक धुतला की फेस येतो."

"येतोच," केमिस्ट्रीच्या बाईंनी खिडकीतून निर्वाळा दिला. "पालकात मुळातच फेस आणणारं एक द्रव्य असतं. बीटातही असतं. काळजीचं कारण नाही."

"आणि लिंबाच्या साबणाचा वास?" बायकोने विचारलं.

बाईंनी चष्मा सारखा केला. "तो लोहाचा असेल," त्या म्हणाल्या.

सभेला थोडे दिवस उरले तेव्हा मी अध्यक्षांना बाग दाखवायला बोलावलं. त्यांनी चार्डभोवती एक फेरी मारली.

"छान. पण ही बाग आहे हे मी म्हणून चालणार नाही. पालिकेच्या उद्यान विभागाने म्हणायला हवं. दाखला आणा."

हा नियम कितवा, हे मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, तो येत्या सभेत होणार आहे.

उद्यान विभागात खिडकीपलीकडचा कारकून मनाने चांगला होता, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचं आहे. जे झालं त्यात त्याचा दोष नाही.

"काय लावलंय?" त्याने पेन उघडत विचारलं.

"बीट, चार्ड आणि पालक."

"शोभेची झाडं," असं म्हणत तो लिहू लागला.

"शोभेची नाहीत. खाण्याची आहेत."

त्याने पेन खाली ठेवलं आणि डॉक्टर ज्या नजरेने नातेवाइकांकडे पाहतात त्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, मी शोभेची लिहितो, शिक्का मारतो, तुम्ही घरी जाता, मी चहाला जातो. यात कुणाचं काय बिघडतंय?"

"पण ते चूक आहे."

"कुणाला कळणार आहे?"

"मला."

"अहो, लिहू द्या की त्यांना!" माझ्या मागच्या रांगेतून एक आवाज आला. "आमची खरीखुरी शोभेची झाडं सुकायला लागली इथे."

कारकुनाने एक उसासा टाकला. "खाण्याचं म्हणजे पीक. पीक म्हणजे शेती. राहत्या वस्तीत शेतीला परवानगी नाही. थांबा, बघू काय करता येतंय. चार्डचे देठ रंगीत असतात ना?"

"लाल, पिवळे, गुलाबी."

"झालं. चार्ड शोभेचा. पालक वरून हिरवा दिसतो, त्याला हिरवळीत घालतो. बीट?"

इथे मी नुसतं "लाल" म्हणालो असतो तरी भागलं असतं. चहाची वेळ झाली होती, तो माणूस माझ्या बाजूने होता, शिक्का शाईत बुडवलेला होता. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

"बीट जमिनीखाली येतं," मी म्हणालो.

"जमिनीखाली?" शिक्का परत डबीत गेला. "मग ते आमच्याकडे नाही. आमची हद्द जमिनीच्या वर. जमिनीखालचं सगळं भूमिगत विभाग बघतो. तिसरा मजला."

भूमिगत विभाग तिसऱ्या मजल्यावर का आहे हे मी विचारलं नाही. तेवढं शहाणपण मला एव्हाना आलं होतं.

तिथल्या अभियंत्यासमोर एकच अर्ज होता, तो खोदकामाचा, आणि त्याला त्यातली एकही जागा रिकामी ठेवायची नव्हती.

"काम कशाचं?"

"बीटाचं."

"व्यास?"

"अजून वाढतोय."

"खोली?"

"वीतभर."

"कुठून कुठे जातं?"

"कुठेच जात नाही. तिथेच असतं."

"पूर्ण झाल्यावर जमीन पूर्ववत करून देणार?"

"पूर्ण झाल्यावर खाणार."

त्याने थोडा विचार करून लिहिलं, "काम तात्पुरत्या स्वरूपाचं." मग भिंतीवरचा एक जुना नकाशा काढून त्यावर बोट फिरवलं आणि ते आमच्या इमारतीच्या मागे थांबलं. "इथून सांडपाण्याची एक जुनी वाहिनी जाते. बरीच वर्षं बंद आहे. पण तिच्यावर काम म्हणजे मला जागा पाहावी लागेल."

"हे बीट आहे हो," मी म्हणालो. "वाहिनीला काय होणार?"

"मला वाहिनीची काळजी नाही," तो म्हणाला. "मला अर्जाची आहे."

तो आला तो नेमका सभेच्या दिवशी सकाळी. अध्यक्ष नियमावली घेऊन खाली आले. बँकवाले खिडकीत, केमिस्ट्रीच्या बाई त्यांच्या वर, अध्यक्षीणबाई त्यांच्या खाली. आई मागच्या दारात चौकट धरून उभी. बायको शाळेत निघाली होती, ती पर्स खांद्याला अडकवून थांबली.

"यात बीट कुठलं?" अभियंत्याने विचारलं.

"निश्चित सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"स्वतःच्या बागेतलं बीट ओळखता येत नाही यांना!" अध्यक्ष वरच्या खिडक्यांना उद्देशून म्हणाले.

अभियंत्याने पहिलं रोप उपटलं. चार्ड. दुसरं उपटलं. चार्ड. तिसरं, चौथं, सगळं चार्ड. माझी नजर जमिनीत, आणि जमिनीत काही नाही. मग दाराच्या बाजूला त्याने एका जाड देठाला हात घातला, जोर लावला आणि लिंबाएवढं, भोवऱ्यासारखं एक बीट वर आलं. मला खरं सांगायचं तर भरून आलं. पण ते बघायला कुणाला वेळ नव्हता. कारण बीटापाठोपाठ त्या खड्ड्यात खालून पाणी यायला लागलं होतं. राखाडी, कोमट दिसणारं. आणि त्यावर फेस होता.

लिंबाच्या साबणाचा वास सगळीकडे पसरला.

इमारतीच्या प्रत्येक खिडकीत त्या क्षणी मागच्या महिन्यातलं एकेक जेवण आठवलं जात होतं. केमिस्ट्रीच्या बाईंनी खिडकी हळूच लोटून घेतली.

सर्वांत आधी अध्यक्ष सावरले. "पाहा! पाणी घालून घालून यांनी इमारतीचा पाया नासवला. बाग कसली, दलदल केलीय! आज सभेत ठराव, उद्या काँक्रीट. नियम अकरा आणि सार्वजनिक आरोग्य, दोन्ही."

मी दाराकडे पाहिलं. आईने चौकट सोडली नव्हती, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. वर, आभाळाच्या त्या चिंचोळ्या पट्टीकडे बघत होती. मला बोलायचं होतं आणि शब्द सुचत नव्हता. दुसऱ्यांची वाक्यं सुधारणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते, स्वतःचं वाक्य वेळेवर येत नाही.

"हे नळाचं पाणी नाही," अभियंता खड्ड्यात वाकून म्हणाला. "वाहिनीतलं आहे. कुणाचं तरी न्हाणीघर या बंद वाहिनीला जोडलंय. कुणाचं ते कळल्याशिवाय कुणालाच काही ठरवता येणार नाही."

"मग शोधा," बायको म्हणाली.

"त्याला रंग लागतो. एकेका घरात रंगीत पाणी ओतायचं, आणि इथे कुठलं येतं ते बघायचं."

"ओता मग."

"रंग संपलाय. मागणी पाठवली आहे."

"तोपर्यंत काँक्रीट टाकायला हरकत नाही," अध्यक्ष झटकन म्हणाले.

"लाल चालेल का हो?" दारातून आईने विचारलं.

"कुठलाही चालेल, आजी. दिसला म्हणजे झालं."

"सूनबाई, मोठं पातेलं ठेव," आई म्हणाली. "आणि तू रे, बघत काय उभा राहिलास? उपट सगळं."

मी माझी बाग स्वतःच्या हाताने उपटली. चार्ड एका बाजूला, बीट दुसऱ्या बाजूला. आता ओळखायला अजिबात त्रास पडत नव्हता. बोराएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी, जी होती ती सगळी बीटं आईने ओट्याशी उभं राहून चिरली. पातेलं उकळलं. बायकोने शाळेत फोन करून घरात काम निघाल्याचं सांगितलं. कुठलं काम ते त्यांनी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. थोड्या वेळाने बादलीत असं काही पाणी तयार झालं की अभियंताही म्हणाला, "आमच्या रंगापेक्षा बरा आहे."

पहिलं तांब्याभर आमच्या न्हाणीघरात ओतलं. सगळे खड्ड्याभोवती वाकून उभे. काही नाही. मग बँकवाल्यांकडे. "जरा जास्त ओता," ते उत्साहाने म्हणाले, "आमच्याकडे दोन न्हाणीघरं समजा." त्यांच्याकडे एकच आहे. खड्ड्यात काही नाही. केमिस्ट्रीच्या बाईंनी दार उघडून न बोलता बाजूला सरकून जागा दिली. तिथेही काही नाही. अध्यक्षांच्या दारासमोर आम्ही बादली घेऊन उभे राहिलो, तेव्हा अध्यक्ष जिन्यावरच आडवे आले.

"माझं न्हाणीघर सध्या वापरात नाही."

"वापरात नाही?" खालून आईचा आवाज आला. तिच्या कानांना गुडघ्यांसारखी मनाई नाही. "मग ते समितीला ताब्यात घेता येईल!"

त्यांनी शेवटी बादली आत नेऊ दिली. ओतलं. आम्ही धावत खाली आलो. खड्ड्यातलं पाणी राखाडीच. अध्यक्षांचा चेहरा खुलला. त्यांनी नियमावली उघडली आणि बोट थुंकीने ओलं केलं.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अहो, त्या जुन्यात कशाला ओतलंत? तिथे आता नुसते डबे आहेत. नव्यात ओता की!"

"नवं?" अभियंत्याने मान वर केली.

"मागच्या वर्षी केलं ना. स्वयंपाकघराच्या मागे. आंघोळीचं वेगळं, निळ्या टाइल्स लावल्यात, या ना बघायला! यांनीच सगळं उभं राहून करवून घेतलं. कुणाला सांगू नको म्हणाले होते, दृष्ट लागते म्हणून."

अध्यक्षांनी नियमावली मिटली.

अभियंता स्वतः वर गेला. आम्ही खालीच थांबलो. वर बादली ओतल्याचा आवाज झाला. मग खड्ड्याच्या एका कडेने लाल रंगाची एक बारीक धार आली. ती वाढत गेली, फेसाच्या गुलाबी झालरी झाल्या आणि बघता बघता सगळा खड्डा लालभडक झाला. बँकवाल्यांनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं. "म्हणजे मी महिनाभर अध्यक्षांच्या आंघोळीचा पालक खाल्ला?" त्यांनी विचारलं.

"उकडून खाल्लात ना?" केमिस्ट्रीच्या बाई बंद खिडकीमागून म्हणाल्या.

अध्यक्ष मात्र पार गळून गेले होते. "तरीच," ते स्वतःशीच पुटपुटले. "तरीच चव ओळखीची वाटली."

अभियंत्याने तिथेच, पाठीमागच्या पायरीवर बसून निकाल लिहिला. वाहिनी बंद नाही, चालू आहे. विनापरवाना जोडणी तोडून फुटलेला भाग बदलायचा. आणि चालू वाहिनीवर काँक्रीट किंवा कुठलंही बांधकाम कधीही करता येणार नाही, कारण तिच्यापर्यंत पोहोचता आलं पाहिजे. त्याच नियमाने तिच्यावर खोल मुळांची लागवडही करता येणार नाही. "बीट तर नाहीच," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही उद्यान विभागात शोभेची झाडं लिहिली असतीत तर मी आलोच नसतो, आणि आज ना उद्या इथे खडी पडलीच असती." आयुष्यात प्रथमच कुणीतरी माझ्या खोडीचं कौतुक केलं आणि तो माणूस बोलत असताना माझ्या दोन्ही हातांत उपटलेला चार्ड होता.

संध्याकाळची सभा आजवरची सर्वांत छोटी झाली. मागच्या जागेचा विषय अध्यक्षांनी वाचलाच नाही. बँकवाल्यांनी ऐनवेळच्या विषयांत पालकाचा उल्लेख करायला हात वर केला, पण त्यांच्या शेजारच्यांनी तो खाली ओढला. काही गोष्टींची नोंद न झालेली सर्वांच्याच सोयीची असते. मी त्या वेळी हात आडवा घातला नाही.

कामगार आले, फुटलेली वाहिनी बदलली, माती सारखी करून गेले. माझी बाग होती तिथे आता झाडलेल्या अंगणासारखी साफ जमीन होती. एक पान नाही. सुटीच्या दिवशी उठून मी मागच्या दारात गेलो तर आईची खुर्ची त्या जमिनीच्या बरोबर मध्यभागी, आणि खुर्चीत आई, पाय लांब सोडून, चष्मा कपाळावर सरकवून उन्हात बसलेली.

मी पायरीवर बसलो. "वाईट वाटतं गं," मी म्हणालो. "काय बाग आली होती!"

"आली होती खरी."

"तुझ्यासाठीच केली होती."

"माहितीय मला." तिने गुडघ्यावरून हात फिरवला. "वाफे असे घातलेत तुम्ही दोघांनी, की मला पाय ठेवायला जागा नव्हती. दोन महिने दाराच्या आत बसून काढले. डोक्यावर आभाळ नाही, आहे ते छत. कुणाच्या घरात काय शिजतंय, काही पत्ता नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? रोज सकाळी उठून त्या पानांशी बोलत बसायचास. तुझ्या बापाला मेला कधी कशाचा नाद लागला नाही. म्हटलं, पोराला एक लागलाय, लागू दे."

मला यावर काहीतरी म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, पण तिने हात वर करून मला थांबवलं आणि मान तिरकी करून पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे कान लावला.

"आता गप्प बस जरा," ती म्हणाली. "निळ्या टाइल्सवरून वर भांडण लागलंय, आणि ती बाई आत्ता कुठे रंगात आलीय."